अजायबसिंगांच्या जीपचे कागद

चंदीगड, ९ सप्टेंबर १९९०

प्रिय चारू,

बसला आहेस ना? नसशील तर आधी बस. मला फोर्ड मिळाली.

अगदी खरीखुरी, चौतीस सालची. डेराबस्सीला एका केमिकल फॅक्टरीच्या दवाखान्याचं यंत्र, आमच्या वर्कशॉपात दुरुस्त केलेलं, पोचवायला गेलो होतो. मागच्या आवारात रिकाम्या पिंपांखाली ही पडलेली. मॅनेजरला विचारलं तर म्हणाला, "ले जाओ जी, जगह खाली होगी." इंजिन नाही, टप नाही, सीट उंदरांनी खाल्लेली. पण पुढची जाळी शाबूत आहे आणि दोन्ही दारं बंद होतात. मी त्या दाराशी उभा राहून ते चार वेळा लावून पाहिलं. बरोबरचा ड्रायव्हर हसत होता.

पॉलिटेक्निकला असताना रद्दीच्या दुकानात आपल्याला ते अमेरिकन मासिक सापडलं होतं, आठवतं? पानभर फोटो. जुनी फोर्ड, मडगार्ड काढून टाकलेले, टप उडवलेला, इंजिन उघडं, गाडी पुढून जमिनीला टेकल्यासारखी. खाली लिहिलं होतं, हॉट रॉड. तिकडची पोरं खिशात दमडी नसताना भंगारातून, स्वतःच्या हातांनी असल्या गाड्या बनवतात. आपण दोघांनी त्या दुकानातच शपथ घेतली होती, की आपणही एक करायची आणि तिच्यात एकही नवी वस्तू विकत घ्यायची नाही. मग तू वडिलांच्या लेथवर बसलास. मी इथे इस्पितळाच्या वर्कशॉपमध्ये नोकरीला लागलो, मध्येच तुझ्या बहिणीशी लग्न केलं, आणि बावीस वर्षं कुठे गेली कळलं नाही.

इंजिन मात्र आठ सिलिंडरचं नाही हं. आत्ताच सांगतो, म्हणजे एकदाच हसून घेशील. मोहालीत सुभेदार अजायबसिंग म्हणून एक निवृत्त गृहस्थ आहेत. फौजेच्या वर्कशॉपमध्ये पंचवीस वर्षं काढलेले. त्यांच्याकडे फौजेच्या लिलावातली जुनी जीप होती. बॉडी पार गंजलेली, पण इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा अॅक्सल ठणठणीत. मी काय बनवणार ते ऐकल्यावर त्यांनी जीप जवळजवळ फुकटच दिली. म्हणाले, एका अटीवर, रविवारी मीपण कामाला येणार.

येतात. मोहालीहून सायकल मारत, दहाच्या ठोक्याला. स्कूटर आहे, पण पोलीस नाक्यावर स्कूटरवाल्या सरदाराला दहा वेळा उतरवतात. सायकलवरच्या म्हाताऱ्याला कोणी अडवत नाही, असं म्हणतात. आमच्या क्वार्टरच्या मागच्या अंगणात पत्र्याची शेड टाकली आहे. सरला कुरकुर करते, पण त्यांच्यासाठी थालीपीठ लावते. तुझ्या भाचीशी, रागिणीशी, ते पंजाबीत बोलतात, ती हिंदीत उत्तर देते, आणि मराठी बोल म्हटलं की दोघं मिळून मला हसतात.

आता तुझं काम. जीपचा प्रोपेलर शाफ्ट फोर्डला आखूड पडतो. सोबत मापं पाठवतो आहे. तुझ्याकडच्या जुन्या पाइपातून लांबवून, नीट बॅलन्स करून पाठव. नवा पाइप घेतलास तर शपथ मोडेल.

तुझा,
दिगू


कोल्हापूर, २१ सप्टेंबर १९९०

काय मर्दा,

जीपचं इंजिन? फोर्डला? वाघाच्या अंगात शेळी घालतोस लेका! हसलो, भरपूर हसलो, लेथवरच्या पोरांनाही सांगितलं. आणि मग संध्याकाळी दुकान बंद करून तुझी मापं घेऊन बसलो, ते वीणा जेवायला हाका मारून दमली. शाफ्ट करतो. उद्यमनगरात जुन्या पाइपाला तोटा नाही.

रेडिएटरचं काय करणार? जीपचा त्या जाळीमागे बसणार नाही, उंचीला कमी पडेल. जुना फोर्डचाच बघ. पैसे नाहीत हे रडगाणं मला सांगू नकोस. तुझ्याकडे जीपचे कागद आहेत ना? नोंदणीचं पुस्तक, नंबरप्लेट? इथे आमच्याकडे भंगारवाले गाडीपेक्षा कागदाला जास्त भाव देतात. कोणाची तरी बिनकागदाची जीप रस्त्यावर येते, त्याचं भलं, तुझं भलं. तुझ्या जीपची तर आता जीपच राहिली नाही. ते पुस्तक फ्रेम करून भिंतीवर लावणार आहेस का? देऊन टाक आणि बदल्यात रेडिएटर घे. म्हणजे शपथही मोडत नाही.

सरूला सांग, दादा म्हणतो नवऱ्याला रविवारी आंघोळ घालत जा.

चारू


चंदीगड, १४ ऑक्टोबर १९९०

प्रिय चारू,

तुझ्या सल्ल्याप्रमाणे जीपचे कागद मनीमाजऱ्याच्या एका भंगारवाल्याला देऊन टाकले. बदल्यात फोर्डचा रेडिएटर मिळाला, पितळी, एकच डाग दिलेला. जाळीमागे असा बसला की जणू तिथेच जन्मला. सुभेदार तर त्याला टिचक्या मारून आवाज ऐकत होते.

भंगारवाला बेरकी निघाला. पुस्तक आणि प्लेट घेऊन गेलो तर म्हणतो, "चासी का नंबर भी लाओ बाबूजी, तभी पूरा सेट." मग शनिवारी घरी कोणी नसताना जीपच्या चासीवरचा नंबर ठोकलेला तेवढा तुकडा आरीने कापून काढला आणि नेऊन दिला. तुला गंमत सांगतो, कापताना दोनदा थांबून घराकडे पाहिलं. उगाच. लोखंडच ते.

एक गोष्ट मात्र मनाला टोचते आहे. पुस्तक अजून सुभेदारांच्याच नावावर होतं. त्यांनी मला ट्रान्सफरच्या कोऱ्या फॉर्मवर सही करून दिली होती, बाकीचं तुम्ही भरा म्हणून. ते भरून ऑफिसात जायचं राहून गेलं. रजा काढा, रांगेत उभे राहा, आणि गाडी तर मोडलेली. फॉर्मही पुस्तकातच होता, तसाच गेला. आता ते दर रविवारी सायकल स्टँडवर लावता लावता विचारतात, "कागज अपने नाँ करा लए, दिगंबर जी?" कागद स्वतःच्या नावावर करून घेतले का, म्हणून. पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी शाफ्टची मापं घेत होतो. मान वर न करता म्हटलं, "हो गए जी." एकदा म्हटल्यावर दुसऱ्या रविवारी वेगळं काय म्हणणार?

जाऊ दे. शाफ्ट रेल्वे पार्सलने पाठव. सुभेदार म्हणतात, बैसाखीला इंजिन सुरू करायचं.

तुझा,
दिगू


कोल्हापूर, ३ जानेवारी १९९१

दिगू,

नव्या वर्षाच्या शुभेच्छा. शाफ्ट मिळाल्याचं तुझं कार्ड आलं, त्यानंतर काही नाही. बसला का? गाडी हलली का? एक फोटो तरी पाठव. मी इथे सगळ्या उद्यमनगरला सांगून बसलोय की माझी गाडी पंजाबात तयार होते आहे. पेपरात रोज तिकडच्या बातम्या वाचून वीणा घाबरते. सगळे सुखरूप आहात एवढं तरी कळव.

कागदाचं मनाला लावून घेऊ नकोस. सगळं जग तसंच करतं.

चारू


चंदीगड, ११ फेब्रुवारी १९९१

ती. दादास,

सरूचा नमस्कार. माझं पत्र बघून घाबरू नकोस, आम्ही तिघं बरे आहोत. पण एक काम आहे आणि घाईचं आहे.

रविवारी आमच्याकडे येतात ते सुभेदार अजायबसिंग, यांनी ज्यांची जीप घेतली, त्यांना मागच्या बुधवारी पहाटे पोलीस घेऊन गेले. जानेवारीत खरडच्या बाजूला कालव्याजवळ गोळीबार झाला होता, त्यानंतर एक जीप सोडून दिलेली सापडली. तिच्यावर सुभेदारांच्या जीपचा नंबर, आणि ऑफिसातल्या नोंदीत मालक म्हणून सुभेदारांचंच नाव. दादा, ती जीप तर आमच्या शेडमध्ये सुटी करून पडली आहे! चोरांनी नुसता नंबर रंगवून घेतला असणार.

त्यांच्या बायको, आम्ही त्यांना बीजी म्हणतो, त्या दुसऱ्या दिवशी आल्या. रडत नव्हत्या. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "वो ट्रान्सफर वाला कागज दे दो भाई साब. उस पर सितंबर की तारीख होगी, वो दिखा दूँगी तो छोड़ देंगे." कागद हातात असला तरच आमचं नाव घेणार म्हणाल्या. नुसतं नाव घेतलं तर तुम्हालाही उचलतील, तुमच्या घरात मुलगी आहे. ठाण्यावर सुभेदारांना विचारतात जीप कोणाला दिली, तर ते म्हणतात, भंगारात दिली, नाव याद नाही. दादा, नाव कसं आठवत नाही रे? दर रविवारी आमच्याकडे जेवतात. त्यांना तिथे काही करत असतील का?

हे म्हणाले, "कागद घरातच आहे, शोधतो." तेव्हापासून आम्ही शोधतो आहोत. तिन्ही ट्रंका उपसल्या. रागिणीची सगळी पुस्तकं झटकली. देवाच्या फळीवरचा कागद काढला, तांदळाचा डबा ओतून पाहिला, गाद्या उसवल्या. यांचा चेहरा तर बघवत नाही. जेवत नाहीत. काल मी म्हटलं, माळ्यावरची जुनी ड्रॉइंगं बघू या, तर म्हणाले बघू या आणि शिडीवरच बसून राहिले. मी रोज बीजींकडे डबा घेऊन जाते आणि रोज सांगते, आज सापडेल.

म्हणून तुला लिहिते आहे. शाफ्टची मापं तुला पाठवली होती ना, त्या पाकिटात चुकून तो कागद गेला असेल का? नीट बघ. दुकानातलेही खण बघ. तुझ्या पत्राची वाट बघते.

तुझी,
सरू


कोल्हापूर, १९ फेब्रुवारी १९९१

दिगंबर,

सरूचं पत्र मिळालं.

तू तिला तांदळाचा डबा ओतायला लावलास? जी वस्तू तू स्वतःच्या हाताने विकलीस, ती शोधायला बायकोला गाद्या उसवायला लावल्यास? आणि ती बाई दारात उभी राहते, तेव्हा तू म्हणतोस, शोधतो? तुझ्याबद्दल मी काहीही मानलं असतं. आळशी म्हटलं असतं, भित्रा म्हटलं असतं. हे मानलं नसतं. एक म्हातारा आत बसून तुझं नाव गिळतो आहे आणि तू शिडीवर बसतोस!

रागाने लिहितो आहे आणि रागावायचा हक्क मला किती, तेही कळतं आहे. देऊन टाक असं मीच लिहिलं होतं. वीणासमोर बसून, हसत लिहिलं होतं. इथे कोल्हापुरात असल्या कागदावर कोणाची तरी जीप गुळाची पोती वाहते. तिकडे ती काय वाहील, हा विचार माझ्या डोक्याला शिवला नाही. पेपर मात्र रोज वाचतो.

सरूला मी उत्तर पाठवलं आहे. सगळीकडे शोधलं, इथे नाही, असं. काय लिहिणार होतो? तुझं तूच तिला सांग. आणि ठाण्यावर जा. आजच जा.

चारुदत्त


चंदीगड, ३ मार्च १९९१

चारू,

तुझं पत्र आलं तेव्हा सुभेदार सुटून आपल्या घरी आले होते. माझ्यामुळे नाही. त्यांचे जुने साहेब, एक निवृत्त ब्रिगेडियर, मध्ये पडले. अकरा दिवसांनी सोडलं, पण केस तशीच आहे. रोज सकाळी नऊला ठाण्यावर जाऊन संध्याकाळपर्यंत बाकावर बसायचं. जीप कोणाला दिली ते आठवेपर्यंत.

मी त्यांच्याकडे गेलो तो रविवार होता. मुद्दाम नाही, रविवारी ठाण्यावर जावं लागत नाही म्हणून. चारू, उजव्या हाताची दोन बोटं त्यांना मिटता येत नाहीत. स्पॅनर धरायची बोटं. कसं झालं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. बीजींनी पाणी आणून ठेवलं. मी वाटेत सगळं पाठ करून गेलो होतो, कुठून सुरुवात करायची ते. तोंडातून एवढंच निघालं, "कागद मी विकले."

म्हणाले, "पता है."

ऑक्टोबरमध्येच कळलं होतं त्यांना. इंजिन टेकवायला घोडा हवा म्हणून त्यांनी जीपची जुनी चासी उलटी केली होती, आठवतं, मी तुला गमतीत कळवलं होतं, रेडिएटरला टिचक्या मारत होते म्हणून? त्याच दिवशी. पंचवीस वर्षं फौजेच्या गाड्या केलेला माणूस. चासीवर नंबर कुठे असतो हे त्यांना अंधारात हाताला कळेल. तिथे चौकोनी भोक. "आरी नवीं सी," आरी नवी होती, म्हणाले, "कट साफ सी." म्हणजे त्यानंतर दर रविवारी ते विचारायचे ते कागद झाले की नाही हे कळावं म्हणून नव्हे. आज तरी हा सांगेल, म्हणून विचारायचे. आणि मी दर रविवारी मान खाली घालून, हो गए जी.

मी म्हटलं, मग तुम्ही माझं नाव का नाही सांगितलं? मला वाटलं होतं, चारू, खरंच सांगतो, मनात कुठेतरी वाटत होतं, की ते म्हणतील तुझ्या मुलीसाठी. तसं म्हणाले असते तर मी रडलो असतो आणि थोडा हलका झालो असतो. ते म्हणाले, "तेरा नाम लेता, तो तू कहता, मैंने ये जीप कभी देखी नहीं. फिर मैं एक झूठ नहीं, दो झूठ का आदमी हो जाता."

आणि ते खरं आहे. मी तेच म्हणालो असतो. त्या अकरा दिवसांत मी शेडमधून जीपची चासी नाहीशी कशी करता येईल याचा विचार दोनदा केला आहे. सरला ट्रंका उपसत होती तेव्हा मीही हात घालत होतो, कागद वरखाली करत होतो. एक क्षण असा आला, की मला वाटलं, सापडेलसुद्धा. एवढं माणूस स्वतःला फसवू शकतो. आपल्याला तो रेडिएटर समोर दिसत असताना.

घरी येऊन सरलाला सांगितलं. उसवलेली गादी शिवत होती, ती तिने तशीच ठेवली, चपला घातल्या आणि बीजींकडे गेली. तिकडे काय बोलली माहीत नाही. परत आल्यावर एकच विचारलं, "दादाला माहीत होतं?" मी म्हटलं, त्यालाच विचार. एवढ्यात तिचं पत्र येईल तुला.

दुसऱ्या दिवशी ठाण्यावर जाऊन लेखी जबाब दिला. तिथल्या साहेबाने वाचला आणि हसला. म्हणाला, सरदारजीच्या घरचं मीठ खाल्लंय वाटतं. सरकारी बाबू कधीपासून दुसऱ्याची केस आपल्या अंगावर घ्यायला लागले? भंगारवाला केव्हाच दुकान बंद करून पळाला आहे. चासीतलं भोक दाखवतो म्हटलं, तर म्हणाला, भोक आज पाडलं की ऑक्टोबरात, कोणाला ठाऊक? लिखापढी आहे का काही?

लिखापढी आहे. एकच. माझं चौदा ऑक्टोबरचं पत्र. आंतर्देशीय आहे, वर चंदीगडचा शिक्का, खाली कोल्हापूरचा, दोन्हींवर तारखा. पुस्तक, प्लेट, चासीचा तुकडा, कोरा फॉर्म, सगळं त्यात आहे. सुभेदारांना मी खोटं सांगितलं तेही आहे.

पण त्याची सुरुवातच 'तुझ्या सल्ल्याप्रमाणे' अशी आहे. ते पत्र इथे आलं तर तुझं नावही येईल. तुझं दुकान आहे, मुलं आहेत. पाठव असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तरी म्हणतो आहे.

दिगू


कोल्हापूर, १२ मार्च १९९१

दिगू,

पत्र शोधावं लागलं नाही. कुठे आहे ते मला माहीत होतं. मापं घ्यायच्या व्हर्निअरच्या खणात.

तुला खरं सांगतो, तूही सांगितलंस म्हणून. १९ तारखेला तुला ते फणकाऱ्याचं पत्र लिहिलं, ठाण्यावर जा, आजच जा म्हणून हुकूम सोडला, ते पेटीत टाकलं आणि परत येऊन तुझं ऑक्टोबरचं पत्र खणातून काढून भट्टीपाशी नेलं. समोर धरलं होतं. तेवढ्यात एक गिऱ्हाईक पुली घेऊन आलं, म्हणून परत खणात टाकलं. गिऱ्हाईक आलं म्हणून, दिगू. दुसरं काही कारण नव्हतं. एक कोपरा पिवळा पडला आहे, पण शिक्के शाबूत आहेत.

आणि सरूला लिहिलं, सगळीकडे शोधलं. एकही खण उघडला नव्हता. तिचं पत्र कालच आलं. दोनच ओळी आहेत. 'दादा, तुला माहीत होतं का? तू खरंच शोधलंस का?' वीणाने वाचलं आणि माझ्याकडे बघत राहिली. तू गादी उसवायला लावलीस म्हणून मी तुला बोललो. मी तर नुसत्या शाईने शोधलं.

पत्र पोस्टाने पाठवत नाही, गहाळ होईल. पोस्टाने गहाळ झालं तर मला बरं वाटेल, याची भीती आहे. रिझर्व्हेशन मिळालं, शुक्रवारी निघतो, स्वतः घेऊन येतो. साहेबाला ती पहिली ओळ मीच वाचून दाखवीन. स्टेशनवर येऊ नकोस. आधी सरूला भेटतो, मग सुभेदारांकडे जातो, मग तुझ्याकडे.

चारू


चंदीगड, २१ एप्रिल १९९१

प्रिय चारू,

तू गेल्यानंतरचं कळवायचं राहिलं. आता बसूनच आहे घरी, सस्पेन्शनची ऑर्डर आली. चौकशी चालेल. निकाल काय लागायचा तो लागेल.

ठाण्यावर साहेबाला शेवटी तुझ्या वाचनावर भरवसा वाटला नाही, हे तू पाहिलंसच. दोघं साले-बहनोई, काहीही वाचाल म्हणाला. तू गेल्यावर त्याने महाराष्ट्र मंडळाच्या सेक्रेटरी पद्मिनीबाईंना बोलावून घेतलं. त्यांनी चष्मा लावून पत्राचं एकेक वाक्य हिंदीत सांगितलं, 'हो गए जी' पर्यंत. सांगताना एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. मंडळाचा पाडव्याचा कार्यक्रम यंदा उशिरा झाला, तिथे गेलो तर आमच्या शेजारच्या तीन खुर्च्या रिकाम्या राहिल्या. सरला शेवटपर्यंत बसली, श्रीखंडही वाढायला गेली. मला वाटतं, ती माझ्याबरोबर आली नव्हती, मंडळात आली होती.

मला तीन दिवस आत ठेवलं. कोणी हात लावला नाही. इस्पितळातला बाबू आहे ना मी. तिथे तो बाक पाहिला, भिंतीला जिथे डोकं टेकतं तिथे तेलाचा डाग आहे.

सुभेदारांची रोजची हजेरी एक तारखेपासून बंद झाली.

काल सकाळी फोर्ड जप्त करून नेली. जीपचं इंजिन तिच्यात, म्हणून ती आता केसची मालमत्ता. बैसाखी होऊन आठवडा झाला होता. इंजिन एकदाही सुरू केलं नव्हतं. शिपायांनी पुढच्या अॅक्सलला दोर बांधला, तेवढ्यात गल्लीत रिक्षा थांबली आणि सुभेदार उतरले. कोणी कळवलं माहीत नाही, सरलाने असेल. शिपायांना म्हणाले, पुढून ओढाल तर अॅक्सल वाकेल, मागून उचला. दोर त्यांना बांधता येईना, बोटांमुळे. मग तोंडाने सांगत गेले आणि शिपायांनी बांधला. त्यांनी सांगितलेली गाठ आम्ही दोघं दर रविवारी मारायचो. मी पुढे झालो तर हातानेच थांब म्हणाले.

गाडी ट्रकवर चढली. शेडमधून बाहेर आल्यावर पहिल्यांदाच ती उन्हात दिसली. चारू, फोटोतल्यासारखी दिसत होती रे. हे मला दिसलं आणि ते मला छान वाटलं, याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटली.

शिपायाने जप्तीची पावती लिहिली. फोर्ड एक, जीपचं इंजिन एक, रेडिएटर पितळी एक, मालक दिगंबर श्रीनिवास सामंत. मी सही केली. सुभेदारांनी पावती मागून घेतली, चष्मा नव्हता म्हणून लांब धरली, माझ्या नावावरून न मिटणारं बोट फिरवलं आणि मला परत दिली.

"ले," म्हणाले, "हो गए कागज तेरे नाँ."

आणि रिक्षात बसून गेले. सरलाने चहा ठेवला होता, तो तसाच राहिला.

पावती जपून ठेवली आहे. कुठे ठेवली आहे, ते सरलालाही दाखवून ठेवलं आहे.

दिगू